सेल बदलले तरी लॅपटॉपची बॅटरी चार्ज घेत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, बाबांच्या जुन्या लॅपटॉपची १०.८ व्होल्टची बॅटरी उघडली, तीन जोड्यांपैकी दोन ३.९ व्होल्टवर आणि एक पार २.१ वर बसलेली, म्हणून सहाही १८६५० (गोल लिथियम-आयन) सेल नवीन टाकले, आधी सगळे एका व्होल्टेजला आणून मग निकेल पट्टीने स्पॉट वेल्डिंग केलं, सोल्डरिंग नाही कारण उष्णतेने सेलची वाट लागते. तरी चार्ज घेतच नाहीये!

बॅटरीतली कंट्रोल चिप बीक्यू२०झेड४५ आहे, सीपी२११२ बोर्ड (यूएसबीवरून चिपशी बोलणारा) लावून वाचलं तर पर्मनंट फेल्युअर, म्हणजे चिपने बॅटरी कायमची बाद ठरवल्याचा फ्लॅग दाखवतंय आणि सायकल काउंट (किती वेळा चार्ज-डिस्चार्ज झाली तो आकडा) जुनाच ६१२. चिप सील्ड आहे, म्हणजे आतल्या सेटिंग्ज लॉक आहेत. कोणी ईव्ही२४०० ने (अशा चिप कॉम्प्युटरला जोडायचं टूल) अनसील करून हा फ्लॅग काढलाय का? बाबांचा सगळा हिशोब याच लॅपटॉपवर आहे हो, पुण्यात कोणाकडे टूल असेल तर सांगा, मी बॅटरी घेऊन येतो.