टॉलेमीच्या ब्राँझ नाण्यावरील मधला खड्डा

प्रश्न : नमस्कार. हेलेनिस्टिक (अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक) राजवटींची ब्राँझ नाणी जमवायला मी नुकतीच सुरुवात केली असून पहिलेच नाणे इजिप्तच्या टॉलेमी घराण्याचे मिळाले आहे. एका बाजूला मेंढ्याची शिंगे असलेला झ्यूस-अम्मोन हा ग्रीक-इजिप्शियन देव आणि दुसऱ्या बाजूला वज्रावर उभा असलेला गरुड आहे. परंतु दोन्ही बाजूंना अगदी मध्यभागी मसुराच्या दाण्याएवढा खड्डा दिसतो. दागिन्यात ओवण्यासाठी कोणी भोक पाडू पाहिले असावे का?

उत्तर १ : नाही, निश्चिंत राहा. दुसऱ्या टॉलेमीने इ.स.पू. २६०च्या सुमारास ब्राँझ चलनाची फेररचना केली, त्यानंतरच्या नाण्यांवर हा खड्डा सर्रास आढळतो. ठसा मारण्यापूर्वी चकती दोन टोकांमध्ये पकडून घासून सारखी करताना तो पडत असावा, हे स्पष्टीकरण मला सर्वांत पटते. गरुडाचे पंख खड्ड्याच्या काठाशी कसे वळले आहेत, ते भिंगातून अवश्य पाहा.

उत्तर २ : सेल्युकिड (सीरियाकडील ग्रीक घराण्याच्या) राजांच्या, विशेषतः चौथ्या अँटिओकसच्या काही ब्राँझ नाण्यांच्या दातेरी कडांबाबतही असाच गैरसमज होतो. त्या कानशीने कापलेल्या नसून मूळच्याच आहेत.

उत्तर ३ : एक कळकळीची विनंती. नाण्यावर फिकट हिरवी, सहज सुटणारी भुकटी दिसली, तर तो क्लोराईडमुळे होणारा क्षय समजावा आणि ते नाणे लगेच वेगळे, कोरड्या जागी ठेवावे. घरातल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांसारखी चिंच मात्र कधीही लावू नये. शतकानुशतके नाण्यावर जमलेला नैसर्गिक थर (पॅटिना) त्याने क्षणात निघून जातो.