सुरीची धार: गाइडेड सिस्टिम की साधा पाण्याचा दगड?

मेथीची_जुडी
दोन सुऱ्या आहेत. एक जपानी ग्युतो (जपानी शेफ्स नाइफ), २१० मिमी, व्हीजी-१० नावाच्या पोलादाची. दुसरी जर्मन शेफ्स नाइफ, २०० मिमी, मुठीपाशी पूर्ण बोल्स्टर (पातं आणि मूठ यांच्यामधला जाड धातूचा भाग, कडेपर्यंत आलेला) असलेली. धार लावायला क्लॅम्प-दांडीवाली गाइडेड सिस्टिम (सुरी पकडीत, दगड ठरावीक कोनातल्या दांडीवर) घ्यावी की १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाचा बारीकपणा) पाण्याचा दगड? दगडावर कोन टिकत नाही, दोन्ही बाजूंचे उतार (कडेलगतच्या घासलेल्या तिरप्या पट्ट्या) कमीजास्त होतात. आणि घरात विळीही आहे.

कुरुंद
कोनाची धास्ती लोक उगाच घेतात. एक-दोन अंश इकडेतिकडे झाले तरी सुरी टोमॅटो कापते. बर (घासताना कडेच्या पलीकडे वळून राहणारी धातूची बारीक किनार) राहिली तर मात्र पहिल्या दिवशी झकास आणि आठवड्यात पुन्हा बोथट.

कोन डोळ्यांनी जोखू नका, पाठीची (धारेच्या उलट्या, जाड बाजूची) उंची मोजा: पात्याची रुंदी गुणिले कोनाची साइन. ग्युतो ४६ मिमी रुंद असेल तर १५ अंशांना पाठ दगडापासून १२ मिमी वर हवी. जर्मन सुरी ४४ मिमी असेल तर २० अंशांना १५ मिमी. तेवढ्या उंचीचा पुठ्ठा कापून ठेवा आणि बाजू बदलताना पाठीखाली लावून बघा. कडेला मार्कर फासा. शाई उताराच्या वरच्या अंगालाच जात असेल तर पाठ खाली पडली आहे. अगदी कडेवरचीच जात असेल तर फार उचलली आहे. टोकाच्या वळणावर मूठ थोडी उचलावी लागते, नाहीतर तिथे दगड लागतच नाही.

एकाच बाजूने घासत राहा. पाठीकडून कडेकडे अंगठा ओढला की दुसऱ्या बाजूला मुठीपासून टोकापर्यंत बर लागली पाहिजे. मध्येच तुटक लागली तर बाजू बदलायची नाही. सुरुवातीला दाब दीड-दोन किलो, शेवटी सुरीच्या वजनाइतकाच (दगड स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून एकदा बघाच). मग कड पुढे ठेवून आळीपाळीने हलके हात, दोन्ही बाजूंनी आठ-दहा, आणि शेवटी चामड्यावर ओढा. व्हीजी-१०ची बर चिवट असते, या टप्प्यावर घाई नको.

दांडी_आणि_क्लॅम्प
पटलं, पण अर्धंच. कडेला खपल्या उडाल्यात किंवा २० अंशांचा उतार १५ वर आणायचाय, तर ४०० ग्रिटवर बराच वेळ घासावं लागतं आणि हात दमला की कोन ढळतो. तिथे क्लॅम्पच बरा.

दोन गोष्टी सांभाळा. सरळ कडेवर दांडीचा कोन बदलत नाही, बदलतो तो वळणावर. क्लॅम्प मुठीकडे लावला तर टोकाचा उतार रुंद होतो, टोकाकडे लावला तर अरुंद. जागा सापडली की पात्यावर टेप चिकटवून खूण करा, दर वेळी तिथेच. दुसरं, दगडांची जाडी सारखी नसेल तर प्रत्येक ग्रिटला कोन सरकतो. डिजिटल अँगल क्यूब (कोन दाखवणारा छोटा मापक) दगडावर ठेवून पुन्हा जुळवा.

पात्याची_पाठ
गाइडेड सिस्टिममधला चुंबकवाला प्रकार (क्लॅम्पऐवजी चुंबक पात्याला धरतो) ग्युतोसाठी नको. पातं पाठीकडून कडेकडे निमुळतं असतं आणि चुंबक त्या उतरत्या अंगाला धरतो. म्हणजे १५ चे प्रत्यक्षात १३-१४ होतात.

खरी अडचण जर्मन सुरीची आहे. दोन्ही पद्धतींत बोल्स्टर दगडाला अडतो. कड झिजते, बोल्स्टर झिजत नाही, मग त्याच्यापुढे खळगा पडतो. त्या जागी सुरी पाटाला टेकत नाही आणि चिरलेली कोथिंबीर काड्यांनी जोडलेलीच राहते. बोल्स्टरची खालची कड अधूनमधून मिलिमीटरभर मागे घासून घ्यावी लागते. शिवाय वर्ष-दोन वर्षांनी कडेमागचं पातं जाड वाटू लागतं, गाजर कापताना ते तडकतं. तेव्हा पातं जवळजवळ आडवं ठेवून पातळ करायचं. ते काम क्लॅम्पमध्ये होत नाही. माझं मत: आधी दगड घ्या.

मेथीची_जुडी
दगड भिजवायचा किती? आणि विळी राहिलीच.

कुरुंद
किंग १००० सारखा असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत, दहा-पंधरा मिनिटं. मॅग्नेशियाच्या बांधणीचे दगड बुडवून ठेवू नका, तडे जातात; वरून पाणी शिंपडलं की पुरे. दगड सपाट करायला त्यावर पेन्सिलीने जाळी काढून, काचेवर १२० नंबरचा वॉटर पेपर ठेवून दगड घासा. मधल्या रेघा राहिल्या तर तिथे खळगा आहे.

विळीचं पातं जागचं हलत नाही, म्हणून दगड हातात धरून तो फिरवायचा. बसायच्या उलट बाजूला बसा, पाट पायाने दाबा, दगडाचा छोटा तुकडा घ्या आणि बोटं त्याच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. वरच्या खोवणीच्या दात्यांना दगड लावू नका, त्यांना तिकोनी कानस लागते.