मंत्र्यांच्या दौऱ्याआधी पोलीस ठाण्यात बसवून ठेवले : ही अटक होती की नव्हती?

कोरडवाहू, यवतमाळ जिल्हा

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्यात एका मंत्र्यांचा दौरा झाला. माझे थोरले बंधू शेतकऱ्यांच्या प्रश्नांवर काम करतात. हमीभावाने कापूस खरेदी लवकर सुरू करावी, असे निवेदन मंत्र्यांना द्यायचे आणि ते स्वीकारले नाही तर काळे झेंडे दाखवायचे, असे कार्यकर्त्यांचे ठरले होते. आदल्या संध्याकाळी पोलीस पाटलांमार्फत बंधूंना नोटीस आली. गावात तिला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलमावरून अजूनही १४९ ची नोटीस म्हणतात, पण कागदावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६८ होते. त्यांनी सही करून ती घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी तुरीच्या फवारणीसाठी पंप खांद्याला अडकवून ते निघाले, तोच बीट जमादार मोटारसायकलवर आले आणि "ठाणेदार साहेबांनी चहाला बोलावले आहे" असे सांगून त्यांना घेऊन गेले. पंप तेवढा धुऱ्यावर राहिला.

ठाण्याच्या मागच्या खोलीत त्यांच्यासारखेच आणखी काही जण होते. सगळ्यांचे मोबाइल काढून टेबलाच्या खणात ठेवण्यात आले. दुपारी पोहे मिळाले. मंत्र्यांचा ताफा तालुक्याची हद्द ओलांडून गेल्याचा निरोप वायरलेसवर आल्यावर सगळ्यांना सोडले. कोणी शिवी दिली नाही की हात उगारला नाही, हेही नमूद करतो. परंतु हातात एकही कागद दिला नाही, घरी कळवले नाही आणि वहिनींनी ठाण्यात फोन केला तेव्हा "ते स्वतःहून आले आहेत" असे उत्तर मिळाले.

नोटीस घेतलेल्या माणसाला असे नेता येते का? तो दिवस कायद्याच्या हिशेबात कोठे मांडायचा? आणि तक्रार करायची तर कोठे? कारण उद्या मोटरपंपाची केबल चोरीला गेली तर जायचे त्याच ठाण्यात आहे.

तालुका न्यायालयातील वकील

कलम १६८ ने दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असा गुन्हा, रोखण्यासाठी पोलिसांना मध्ये पडता येते. त्याखालील नोटीस ही ताकीद आहे, तिच्या आधारे कोणाला ताब्यात घेता येत नाही. ताब्यात घेण्यासाठी कलम १७०, म्हणजे पूर्वीचे १५१, लावावे लागते आणि त्याला दोन अटी आहेत. माणूस दखलपात्र गुन्ह्याच्या बेतात आहे हे अधिकाऱ्याला ठाऊक असले पाहिजे, आणि अटकेवाचून तो गुन्हा टळणार नाही असे त्याला दिसले पाहिजे. राजेंद्रसिंह पठानिया प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले आहे. निवेदन देणे हा गुन्हा नाही आणि काळा झेंडाही आपोआप दखलपात्र गुन्हा ठरत नाही. त्या दिवशी जमावबंदीचा आदेश लागू होता का, हे मात्र तपासून घ्या, कारण तसा आदेश असेल तर पोलिसांची बाजू काहीशी बळकट होते.

अटक केली तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे, साक्षीदाराच्या सहीने अटकेचा कागद करणे, हे सारे ओघाने आलेच, अटकेचे नियम घालून देणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणापासून त्यात संदिग्धता उरलेली नाही. बंधूंना अटक नव्हती असे ठाण्याचे म्हणणे असेल, तर त्यांना खोलीतून उठून शेतावर जाता आले पाहिजे होते. जाता येत नव्हते, तर ती अटकच होती. या दोहोंच्या मधली जागा कायद्यात नाही.

निवृत्त जमादार

वकील साहेबांचे शेवटचे वाक्य जुन्या संहितेपुरते बरोबर होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या संहितेत कलम १७२ नव्याने आले आहे. पोलिसांनी प्रतिबंधासाठी दिलेला कायदेशीर निर्देश जो मानत नाही, त्याला अडकवून ठेवून दंडाधिकाऱ्यापुढे न्यावे किंवा किरकोळ प्रकरणात २४ तासांच्या आत सोडून द्यावे, असा अधिकार त्यात आहे. तुम्ही तक्रार केलीत, तर ठाणेदार याच कलमाचा आधार घेतील, हे धरून चाला.

असे का होते, हेही सांगतो. दौऱ्याच्या आदल्या दिवशी आदेश फोनवर येतो, लेखी कधीच येत नाही. ताफ्यासमोर एक काळा रुमाल जरी फडकला, तरी ठाणेदाराला खुलासा द्यावा लागतो. दहा माणसे दिवसभर बसवून ठेवली, तर त्याचा खुलासा मागायला मात्र कोणी येत नाही. मग माणूस कोणत्या बाजूने वागेल, ते वेगळे सांगायला नको. स्टेशन डायरीत, म्हणजे ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत, नोंद घेतली की २४ तासांची वेळ चालू होते, कारण लिहावे लागते, सही करावी लागते. म्हणून नोंदच टाळली जाते. शिपायाला हे पटत नसले तरी तो बोलत नाही.

तालुका न्यायालयातील वकील

१७२ ची आठवण योग्य आहे, त्यामुळे माझे वाक्य तेवढे आवरते घेतो. परंतु त्या कलमासाठी आधी निर्देश दिलेला असावा लागतो आणि तो मोडलेला असावा लागतो. नोटीस सही करून घेणारा आणि फवारणीला निघालेला माणूस कोणता निर्देश मोडत होता? शिवाय ज्याला या कलमाखाली अडकवले, तो "स्वतःहून आला" असे त्याच तोंडाने म्हणता येणार नाही. ठाण्याला दोन्हीपैकी एक उत्तर निवडावे लागेल, आणि ते लेखी निवडायला लावणे हाच तुमच्या अर्जाचा उद्देश ठेवा.

वैनगंगाकाठची

"स्वतःहून आले" हे उत्तर आमच्या भागात फार जुने आहे. १९७२ साली देसाईगंजच्या ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा मथुरा खटला येथे अजून विसरलेला नाही. गुन्हा अर्थातच वेगळा आणि कितीतरी भयंकर होता, त्याची या प्रसंगाशी बरोबरी करत नाही. पण मुद्दा तोच होता: ठाण्याच्या भिंतींच्या आत, वर्दीपुढे, गप्प राहिलेल्या व्यक्तीची संमती धरायची का? भीतीपोटी शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवून दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलावा लागला. जमादार चहाला बोलावतो तेव्हा खेड्यातला माणूस नाही म्हणू शकत नाही, हे जमादारालाही ठाऊक असते.

तक्रारीविषयी. जिल्हा पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने अर्ज पाठवा, आणि त्या दिवशी तेथे बसवलेल्या सर्वांच्या सह्या घ्या. एकट्या बंधूंच्या नावाने अर्ज गेला, तर राग एकट्यावर निघतो. २०१४ च्या दुरुस्तीने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात राज्य आणि विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणांची तरतूद झाली आहे, आणि कार्यपद्धती न पाळता केलेली अटक किंवा स्थानबद्धता हा तेथे तक्रारीचा विषय आहे. तेथे निकाल झटपट लागेल अशी आशा धरू नका, परंतु ठाण्याला लेखी उत्तर द्यावे लागेल. मानवाधिकार आयोगाकडे जायचे असेल तर एका वर्षाच्या आत.

केबलचोरीची काळजी मला खरी वाटते. ठाण्याने फिर्याद घेतली नाही, तर कलम १७३ खाली अधीक्षकांना आणि तेथूनही काही झाले नाही तर दंडाधिकाऱ्यांना अर्ज करता येतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत सही करावी लागते.

कोरडवाहू, यवतमाळ जिल्हा

सर्वांचे आभार. बंधू म्हणतात, "पोहे खाल्ले, आता तक्रार कशाची?" बाकीच्यांपैकी काही सही द्यायला तयार आहेत, काहींची पोरे पोलीस भरतीची तयारी करत आहेत म्हणून ते कचरतात. ठाण्यात कॅमेरे आहेत, पण मागच्या खोलीत मला एकही दिसला नाही. मग पुरावा कशाचा द्यायचा?

निवृत्त जमादार

त्या खोलीचा पुरावा हवा कशाला? सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे प्रवेशद्वार, व्हरांडा आणि ठाण्याच्या आवारावरही कॅमेरा हवा, आणि चित्रण किमान एक वर्ष जपले पाहिजे. आजच लेखी अर्ज देऊन त्या तारखेचे चित्रण राखून ठेवण्याची मागणी करा, माहिती अधिकारात त्याची प्रत मागा आणि त्याच अर्जात त्या दिवसाची स्टेशन डायरीही मागा. बंधू जमादारासोबत आत केव्हा गेले आणि बाहेर केव्हा आले, एवढे चित्रणात दिसले आणि डायरीत त्यांचे नाव नसले, तर पुढचे काम वकील साहेबांचे.