भिंतीलगतची झाडं: फायकस की बकुळ?

सेक्रेटरी: नमस्कार, पार्किंगच्या भिंतीलगतची झाडं फायकस आहेत असं माळी म्हणतोय, मुळं ड्रेनेजमध्ये घुसतील म्हणे. काढून पाम लावायचे का? फोटो टाकलेत, रविवारच्या मीटिंगआधी मतं द्या

ए-201: काढाच. पान तोडलं की पांढरा चीक येतो, म्हणजे वडाचीच जात

सी-503 काकू: अहो थांबा जरा, चीक चिकूलाही येतो की! मला ही बकुळ वाटतेय, पानांच्या कडा बघा कशा लाटालाटांच्या आहेत

ए-201: काकू, फायकसच्या कडापण तशाच असतात, आमच्या ऑफिसात कुंडीत आहे

सी-503 काकू: असतात ना, म्हणून तर नुसत्या पानावर जायचं नाही, फांदीचं टोक बघायचं. फायकसला टोकाला कोवळ्या पानाभोवती टोकदार वेष्टण असतं, ते गळलं की फांदीभोवती गोल वळ राहतो. बकुळीला तसं काही नसतं, कोवळ्या शेंड्यावर गंजाच्या रंगाची बारीक लव असते. आणि ती चिकूच्याच कुळातली, चीक येणारच. कुणी खाली असेल तर क्लोजअप टाका रे

बी-104: टाकला. शेंडा तपकिरी आहे, वळबिळ काही दिसत नाही

सी-503 काकू: मग बकुळच

सेक्रेटरी: पण फुलं कुठेयत?

सी-503 काकू: येतील हो, सावकाश वाढणारं झाड आहे. एकदा धरली की उन्हाळ्यात सकाळी खाली सडा पडतो, फूल अख्खं गळतं आणि मधे भोक असतं त्यामुळे पोरं सुईशिवाय दोऱ्यात ओवतात, वाळलं तरी वास जात नाही, आई साड्यांच्या घडीत ठेवायची. फळं नारिंगी होतात, त्यावर बुलबुल येतात. सह्याद्रीतलं आपलं झाड, बारा महिने हिरवं, ते काढून पाम कशाला

ए-201: आणि ड्रेनेज?

सी-503 काकू: जंगलात चांगलं उंच होतं ते, त्यामुळे चेंबरला अगदी चिकटून जे लावलंय ते लहान आहे तोवर सरकवून घ्या. बाकीच्यांना हात लावू नका

बी-104: तसंही शहरात झाड काढायचं तर 1975 च्या झाडं जतन कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, सरकवण्याआधीपण विचारून घ्या

सेक्रेटरी: बरं. पामचं कोटेशन थांबवतो, चेंबरजवळच्याचं उद्या वॉर्ड ऑफिसला विचारतो

सी-503 काकू: आणि माळ्याला सांगा, कुंपणाच्या मेंदीसारखा वरून सपाट छाटू नकोस म्हणावं