फ्रिजचे स्टार मोजतो, मग घराचे का नाही?

उन्हातला_फ्लॅट:
फ्रिज घेताना आपण दुकानात वाकून वाकून स्टार मोजतो. घरात आयुष्याची पुंजी घालतो, पण ते किती तापतं हे कुणी विचारत नाही. मी नागपुरात सहाव्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर राहतो. मे महिन्यात रात्री अकराला पश्चिमेच्या भिंतीला हात लावला तर नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यासारखी लागते. तिथे कपाट आहे. सकाळी आतले शर्टही कोमट असतात.

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी या केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेने २०१८ साली ‘इको निवास संहिता’, म्हणजे घरबांधणीसाठी ऊर्जाबचतीचे नियम, आणली, २०१९ मध्ये घरांसाठी एक ते पाच स्टारचं लेबलही आणलं. पण लेबल ऐच्छिक. मी पालथ्या घातलेल्या एकाही सॅम्पल फ्लॅटमध्ये ते दिसलं नाही. माझं म्हणणं, विक्रीच्या जाहिरातीत ते सक्तीचं करा आणि प्रभागनिहाय सरासरी महापालिकेने जाहीर करावी. इंग्लंडमध्ये घर विकताना किंवा भाड्याने देताना ए ते जी श्रेणीचं प्रमाणपत्र लागतं, ते दहा वर्षं चालतं, आणि पत्ता टाकून शेजाऱ्याचंही बघता येतं.

मीटरवाचक:
लेबल कशाला? आधीच्या मालकाकडे वर्षभराची वीजबिलं मागा. सगळं कळतं.

उन्हातला_फ्लॅट:
बिलावरून माणूस कळतो हो, घर नाही. आमच्या मजल्यावरच एक आजी एकट्या राहतात. दुपारभर ओलं फडकं मानेवर ठेवून बसतात आणि कूलर संध्याकाळी लावतात. त्यांचं बिल माझ्या निम्मंही नसेल. म्हणून त्यांचा फ्लॅट पाच स्टार?

पेठेतला:
फ्लॅटचं लेबल एक वेळ चालेल. प्रभागाची सरासरी मात्र अजिबात नको. पुण्यातल्या जुन्या पेठांना काय श्रेणी मिळेल सांगा. पत्र्याची छपरं, मागून ओढलेल्या वायरी, वाड्याच्या खोल्यांचे पाडलेले तुकडे. लागला तळाचा शिक्का! उद्या पुनर्विकासवाला तोच कागद नाचवत येईल, ‘बघा, सरकारच म्हणतंय तुमची वस्ती वाईट.’ माकडाच्या हाती कोलीत द्यायचं ते हेच. वाडा पाडून त्या जागी काँक्रीट ओतायला किती ऊर्जा जाते, ते कुठल्या स्टारमध्ये धरणार?

शिवाय हे स्टार प्रति चौरस मीटर अंदाजलेल्या वीजवापरावर ठरतात. म्हणजे चार बेडरूमवाला एकूण वीज कितीही जाळो, पाच स्टार मिरवू शकतो. आणि दोन खोल्यांत सहा जण राहणारे काटकसर करूनही तळाला.

साइटवरचा:
दोघांचंही अर्धं बरोबर. मी इमारतींच्या कामावर असतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

संहितेत ‘आरईटीव्ही’ नावाचा आकडा आहे. छप्पर सोडून, भिंती आणि खिडक्यांतून दर चौरस मीटरला किती उष्णता आत येते, ते तो सांगतो. आपल्याकडच्या हवामानाला मर्यादा १५ वॅट. छताची अट वेगळी. पण हा आकडा अख्ख्या इमारतीचा असतो. उत्तरेच्या थंड भिंती तुमच्या पश्चिमेच्या भिंतीचं पाप झाकतात. म्हणजे इमारत पास होईल आणि तुमचं कपाट तरीही तापेल.

दुसरं, भिंत कशाची आहे ते विचारा. हल्ली अ‍ॅल्युमिनियम फॉर्मवर्कमध्ये, म्हणजे साच्यांत, भिंतीसुद्धा काँक्रीटच्याच ओततात. काम झपाट्याने होतं, विकणारा सांगतो ‘संपूर्ण आरसीसी, भक्कम’. खरं आहे. पण तेवढ्याच जाडीच्या एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतीपेक्षा काँक्रीटची भिंत साधारण तीन-चार पट उष्णता आत सोडते. त्यात खिडक्यांवरचे छज्जेही गेले, एलिव्हेशनला, म्हणजे इमारतीच्या दर्शनी रूपाला, आडवे येतात म्हणे. आजोबांच्या घराला छज्जा होता तो हौस म्हणून नव्हता.

म्हणून एक स्टार नको. भिंत, खिडकी, छत वेगवेगळं छापा, फ्लॅटनिहाय.

मीटरवाचक:
आणि तपासणार कोण? सोलर गिझरच्या नावाने घरपट्टीत सवलत घेणारी एक इमारत मी रोज बघतो. टाक्या गंजल्यात, त्यांवर कबुतरं नांदतात. सवलत चालूच.

भाड्याचं_घर:
इथे सगळे मालक बोलताहेत. भाडेकरूचं काय? भिंत मालकाची, बिल माझं. मालकाला छत सुधारून काय मिळणार? मला तरी लेबल हवंच, अर्धवट असलं तरी. निदान भाड्याची घासाघीस करायला एक मुद्दा मिळेल.

पेठेतला:
किंवा स्टार जास्त म्हणून मालक भाडं वाढवेल. तेही धरून चाला.

भाड्याचं_घर:
वाढवू दे. घर गार असलं तर देईन. आत्ता तापलेल्या घराचंही वाढवतोच आहे.

उन्हातला_फ्लॅट:
प्रभागाच्या सरासरीचा मुद्दा मागे घेतो. पेठेतल्यांनी मांडलेली भीती मला सुचलीच नव्हती. फ्लॅटच्या लेबलाबद्दल मात्र ठाम आहे, आणि साइटवरच्या साहेबांसारखं तीन भागांत असेल तर फारच उत्तम.

साइटवरचा:
तोवर गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा रंग मारून घ्या. शेवटच्या मजल्याला फरक पडतो. दर दोन-चार वर्षांनी पुन्हा मारावा लागेल, धूळ बसली की धुवावाही लागेल.

उन्हातला_फ्लॅट:
सोसायटीत विषय मांडला होता. खालच्या पाच मजल्यांचं म्हणणं, गच्चीचा त्रास तुम्हाला, तर खर्चही तुमचा. (पावसाळ्यात गळतीलाही हेच उत्तर होतं.) येत्या रविवारच्या बैठकीत पुन्हा घेतलाय. पार्किंगनंतरचा विषय आहे.

पेठेतला:
पार्किंगनंतर? मग पुढच्या मे महिन्यात भेटू.