डीपीडी चाचणीचा फॉस्फेट बफर: २४ ग्रॅम कोणत्या फॉस्फेटचे?

पाणीतपासणी
नमस्कार मंडळी. पाण्यातल्या मुक्त क्लोरीनसाठी (अमोनियाशी न जोडलेला क्लोरीन) डीपीडी-फेरस टायट्रेशन करतो, म्हणजे डीपीडी सूचकाला क्लोरीनने आलेला गुलाबी रंग फेरस द्रावणाने घालवून मोजतो, आणि पीएच स्थिर ठेवणारा फॉस्फेट बफर प्रयोगशाळेतच बनवतो. कृती नेहमीचीच. १ लिटरला निर्जल (खड्यात पाणी नसलेलं) डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २४ ग्रॅम, निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४६ ग्रॅम, डायसोडियम ईडीटीए ०.८ ग्रॅम. सध्या सोडियम फॉस्फेटच्या बाटलीवर 'डोडेकाहायड्रेट' (दर रेणूमागे पाण्याचे १२ रेणू) असं लिहिलं आहे. त्याचेच २४ ग्रॅम घेतले की बफरचा पीएच ६च्या खाली येतो आणि टायट्रेशनमध्ये गेलेला गुलाबी रंग थोड्या वेळात परततो. वजन किती धरायचं? दुसरं, बाटलीत काही आठवड्यांनी तंतू तरंगायला लागतात. फ्रिजमध्ये ठेवावा तर तळाला खडे बसतात.

ब्युरेट
रंग परत येण्याचं मूळ वजनातच आहे. डोडेकाहायड्रेटच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणी असतं. २४ ग्रॅम निर्जल क्षाराच्या बरोबरीला डायहायड्रेट ३०.१ ग्रॅम, हेप्टाहायड्रेट ४५.३ ग्रॅम आणि डोडेकाहायड्रेट ६०.५ ग्रॅम लागतं. तुमच्या बफरमध्ये निर्जल हिशेबाने जेमतेम साडेनऊ ग्रॅम पडलं, म्हणून तो आम्लाकडे झुकला.

अभिक्रियेचा पीएच ६.२ ते ६.५ असावा लागतो. त्याखाली गेला तर मोनोक्लोरामाइनही (अमोनियाशी जोडलेला क्लोरीन) डीपीडीला रंग देऊ लागतं आणि मुक्त क्लोरीन आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. फार वर गेला तर विरघळलेला ऑक्सिजन रंग आणतो.

डोडेकाहायड्रेट वापरायचंच असेल तर बाटली घट्ट बंद ठेवा. उघड्या हवेत त्याचं पाणी उडतं, खडे पांढरे भुरभुरीत होतात आणि मग ६०.५ ग्रॅमलाही अर्थ उरत नाही. माझं मत विचाराल तर निर्जल क्षार मागवा, ११० अंश सेल्सिअसला दोन तास वाळवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून मगच तोला. चुकीच्या वजनाचा बफर कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) घालून वर ओढत बसू नका, नवीन करा.

ईडीटीए आधी १०० मिली डिस्टिल्ड पाण्यात वेगळं विरघळवून घ्या, मग फॉस्फेटच्या द्रावणात मिसळा आणि १ लिटर करा. ईडीटीए वगळू नका. ते तांबं बांधून ठेवतं आणि ऑक्सिजनमुळे येणारा रंगही दाबतं.

गाळणी
वजनाचं वर आलंच आहे. पण पीएच नुसता बाटलीत मोजून भागत नाही. फॉस्फेट बफर पातळ झाला की पीएच थोडा वर सरकतो. १०० मिली नमुन्यात ५ मिली बफर घाला, डीपीडी न घालता मोजा. हाच आकडा खरा. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल शमवण्याची क्षमता) खूप असेल, किंवा चुना जास्त पडला असेल, तर ५ मिली पुरत नाही आणि ते इथेच कळतं.

टायट्रेशनचा क्रमही पाळा: फ्लास्कमध्ये आधी ५ मिली बफर, मग ५ मिली डीपीडी, हलवून घ्या, आणि नमुना शेवटी. दोन्ही द्रावणं एकत्र करून साठवू नका, टिकत नाहीत.

तंतू म्हणजे बुरशी. लिटरला २ थेंब टोल्युइन पुरतं. मर्क्युरिक क्लोराइड २० मिलिग्रॅमही चालतं, पण ते विषारी आहे आणि सांडपाण्यात सोडता येत नाही, म्हणून मी सुचवणार नाही. अर्धा लिटरच बनवा आणि बाटलीत पिपेट बुडवू नका, लागेल तेवढा बफर बीकरमध्ये ओतून घ्या. खडे सोडियम फॉस्फेटचे आहेत, थंडीत त्याची विद्राव्यता झपाट्याने घटते. बाटली कोमट पाण्यात धरा, सगळं विरघळेपर्यंत हलवा, मगच वापरा. वरवरचं द्रावण घेतलंत तर पुन्हा आम्लाकडे झुकलेला बफर मिळेल.

ब्युरेट
मर्क्युरिक क्लोराइडबद्दल सहमत, फक्त एक भर. बुरशीखेरीज ते आयोडाइडच्या अंशाचा त्रासही आवरतं. ते वगळलं की काचसामान जपावं लागतं. एकूण क्लोरीनसाठी (मुक्त अधिक जोडलेला) पोटॅशियम आयोडाइड घातलेला फ्लास्क मुक्त क्लोरीनला वापरू नये, दोन्हींचे वेगळे ठेवा. आयोडाइडचा अंश राहिला तरी मोनोक्लोरामाइन रंग देतं.

पाणीतपासणी
आभार. अँपेरोमेट्रिक टायट्रेटरलाही (रंगाऐवजी विद्युतप्रवाहावरून शेवट ओळखणारं यंत्र) हाच बफर चालेल का?

गाळणी
नाही. तिथे मुक्त क्लोरीनला पीएच ७ लागतो: निर्जल पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट २५.४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ३४.१ ग्रॅम, ८०० मिली डिस्टिल्ड पाण्यात. क्षारातली अशुद्धी क्लोरीन खाते, म्हणून १ टक्का क्लोरीनचं हायपोक्लोराइट २ मिली घालून नीट मिसळा आणि दोन दिवस उन्हापासून दूर ठेवा. त्यानंतरही मुक्त क्लोरीन शिल्लक असलं पाहिजे, ते तपासा. मग क्लोरीन पूर्ण जाईपर्यंत उन्हात ठेवा, १ लिटर करा, गाळा. एकूण क्लोरीनला पीएच ४ चा अ‍ॅसिटेट बफर: ४८० ग्रॅम ग्लेशियल अ‍ॅसेटिक आम्ल आणि २४३ ग्रॅम सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेट ४०० मिली पाण्यात, मग १ लिटर. हे काम फ्यूम हूडमध्येच करा. हायपोक्लोराइटची प्रक्रिया फक्त पीएच ७ च्या बफरला, डीपीडीच्या ईडीटीए असलेल्या बफरला ती करू नका.