शिबिराचा खरंच उपयोग होतोय का, हे कसं ओळखायचं?

वीणा_सातारा: नमस्कार मंडळी. आमच्या भागात घरटी फौजी. मी समुपदेशक आहे. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी आम्ही एक उपक्रम चालवतो: झोप, राग, दारू, डोक्याला मार लागल्यानंतरचा विसर. आता देणगीदार विचारतात, फरक काय पडला? आमच्याकडे हजेरीपट आहे, फोटो आहेत, 'छान वाटलं' असे अभिप्रायही आहेत. पण एक वहिनी म्हणाल्या, "शिबिरात हसतात हो, घरी कढईचं झाकण पडलं तरी अंगावर धावून येतात." मग मोजायचं तरी काय?

आकडेमोड_पुणे: ताई, हजेरी म्हणजे परिणाम नव्हे. अमेरिकेत रँड संस्थेने २००८ मध्ये इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या सैनिकांवर अहवाल काढला. पीटीएसडी (युद्ध, अपघात अशा जबर आघातानंतर मागे राहणारा मानसिक आजार) किंवा नैराश्य असलेल्यांपैकी जेमतेम निम्मे मदत घ्यायला गेले होते आणि त्यांतल्याही साधारण निम्म्यांनाच किमान पुरेसे उपचार मिळाले. तेव्हा जे आले नाहीत आणि जे मधेच गळले, त्यांच्यापासून सुरुवात करा. पीसीएल-५ ही पीटीएसडीची लक्षणं मोजणारी २० प्रश्नांची प्रश्नावली आहे, गुण ० ते ८०, जास्त गुण म्हणजे जास्त त्रास. ती आधी, नंतर आणि पुन्हा काही महिन्यांनी भरून घ्या. माणूस अगदी टोकाला गेल्यावर येतो, त्यामुळे काही न करताही आकडा थोडा उतरतोच. म्हणून पुढच्या तुकडीत नाव घातलेल्यांकडूनही तीच भरून घ्या, म्हणजे तुलना करता येईल.

निवृत्त_एएमसी: मेंदूचा मार वेगळा नोंदवा. स्फोटाच्या धक्क्यानंतर सीटी स्कॅन साफ आला तरी डोकेदुखी, चिडचिड, विसर मागे राहू शकतात. झोप उडणं, लक्ष न लागणं पीटीएसडीतही असतं, त्यामुळे नुसत्या गुणांवरून निदान करू नका. जुने स्फोट, अपघात, बॉक्सिंग, सगळं विचारा. आणि जवान 'सब ठीक है साब' लिहून मोकळा होतो. मेडिकल कॅटेगरी (सैन्यातली तब्येतीची श्रेणी) खाली जाईल ही धास्ती नोकरीभर असते, पेन्शनीत आल्यावरही सवय जात नाही. कागदावर नाव नको, क्रमांक घाला. तो कुठल्याही ऑफिसात जाणार नाही, हे आधीच सांगा आणि पाळा.

वीणा_सातारा: घरच्यांसाठी वेगळा कागद करतेय. पण नवरा म्हणाला बरं आहे आणि बायको म्हणाली नाही, तर?

आकडेमोड_पुणे: दोन्ही उत्तरं तशीच ठेवा, सरासरी काढू नका. देणगीदारांना तो फरकच दाखवा.

निवृत्त_एएमसी: आणि वहिनींना नवऱ्यासमोर विचारू नका. भरलेला कागद घरी पाठवू नका. मारहाण होत असेल तर मोजमाप राहू द्या, आधी त्यांच्या सुरक्षिततेचं बघा.